श्रावणातली गोळी

मधूचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. "डॉक्टरबाई, आई गेली," तो म्हणाला. मी काही विचारायच्या आत, डॉक्टरला सगळं क्रमानं सांगायला हवं अशा काळजीनं तो पुढे सांगत राहिला... सहाला उठली, उपाशीपोटी गोळी घेतली, चहाला अजून अर्धा तास आहे म्हणून खिडकीत जाऊन बसली, आणि त्या अर्ध्या तासातच. सुनेनं कप पुढे केला तेव्हा कळलं. त्याला माझ्याकडून एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्या गोळीनं असं काही होतं का. मी म्हटलं, नाही रे बाबा, त्या गोळीनंच तर तिला इतकी वर्षं चालवली. फोन ठेवला आणि रडू यायच्या आधी मला हसू आलं. त्याची लाज वाटली नाही. भागीरथीआक्काची आणि माझी ओळखच मुळी तिच्या सासूनं तिला "हिच्या आळसावर औषध द्या" म्हणून इस्पितळात आणून बसवल्यामुळे झाली होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते ते. मी गिरगावातून परळच्या इस्पितळात डॉक्टरी शिकायला जात असे. वडील एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून, घरात मोठ्यानं बोलायची पद्धत नाही, आणि मी तर त्या घरातही सगळ्यांत हळू बोलणारी. मे महिन्यातली एक दुपार. पंखा नुसता गरम हवा ढवळत होता, आम्ही विद्यार्थी घामानं निथळत होतो, आणि समोर बाकावर एक पस्तिशीची बाई लुगड्यावर लोकरी शाल, शालीवर चादर घेऊन कुडकुडत बसली होती. शेजारी तिची सासू, लालबागच्या चाळीतली, बारीक, काटक, कोकणातून आली तेव्हापासून एक क्षण रिकामी न बसलेली. तिनं आमच्या मोठ्या सरांपुढे सुनेच्या तक्रारींचा पाढा वाचला. चूल पेटवायला घेते ती दहा वाजता पेटते. दिवसभर झोपते. विचारलेल्याचं उत्तर पुढच्या वेळेला देते. तोंड सुजलंय, केस गळतायत, भुवया अर्ध्या राहिल्यात. दारामागून बोलली तर दूधवाला "शेठ, किती देऊ" म्हणून विचारतो. चाळीत तिला गोगलगाय म्हणतात. भगत झाला, अंगारा झाला, आता तुम्ही बघा.

सरांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, या बाईंनी आत्ता तुमच्या पुस्तकातलं एक अख्खं पान म्हणून दाखवलं, एक ओळ न गाळता. मग त्यांनी आक्काला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं, पाऊल मागे लोंबतं सोडायला सांगितलं आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर रबरी हातोडीनं टकटक केली. पाऊल झटकन मागे उडालं. परत येताना मात्र ते वाटेत विचार करत असल्यासारखं सावकाश जागेवर आलं. सरांचा चेहरा उजळला. त्यांनी शेजारच्या वॉर्डातल्या विद्यार्थ्यांनाही बोलावलं. त्या दिवशी आक्काच्या पायावर निदान चाळीस वेळा टकटक झाली असेल आणि चाळीसही वेळा पाय तितक्याच सावकाश परत आला.

तिला समजावून सांगायचं काम सरांनी माझ्यावर टाकलं, कारण मला बोलायचा सराव हवा होता. मी सांगितलं की हातोडी बसली की शीर ताणली जाते, ती खबर मज्जातंतूतून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडे जाते, आणि तिथूनच "हल" असा हुकूम परत फिरतो. मेंदूला कुणी विचारत नाही, त्याला मागाहून कळतं. तुमचा निरोप वेळेवर जातोय, फक्त आखडलेला स्नायू सैल व्हायला वेळ लावतोय, कारण गळ्यातल्या थायरॉइड नावाच्या ग्रंथीतून जो रस रक्तात उतरायला हवा तो उतरत नाही. त्या रसावर अंगातली ऊब, चपळाई, केस, आवाज सगळं अवलंबून असतं. आणि मेंदूच्या तळाशी आणखी एक ग्रंथी आहे, ती गळ्यातलीला सारखं बजावत असते की काम कर, काम कर. खालून उत्तर आलं नाही की ती आणखी जोरात बजावते. आक्कानं हे सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ गेला, मी दुसऱ्या खाटेकडे वळले, आणि मागून तो घोगरा आवाज आला, "म्हंजे वरची आरडता आणि खालची हलना नाय. आमच्या घरात तसाच आसा." सासू शेजारीच बसली होती. तिनं मान डोलावली.

गोळ्या सुरू झाल्या. त्या काळी त्या मेंढरा-डुकरांची ग्रंथी वाळवून केलेल्या असत. आक्कानं विचारलं, कशाची? मला खोटं बोलता येत नाही, मी सांगितलं. मटण म्हटल्यावर तिची काही हरकत नव्हती, फक्त सोमवारी चालणार नाही म्हणाली. मी घाबरत सरांकडे गेले. सर म्हणाले, सोमवार माफ, तो रस अंगात आठवडाभर पुरतो. दोन महिन्यांत ती बाई ओळखू येईना. सूज उतरली, शाल ट्रंकेत गेली, आवाज बाईचा झाला, आणि नळावर तिच्या आधी कुणाचा नंबर लागेना. मग श्रावण आला. सासूनं गोळ्यांची बाटली उचलून आपल्या ट्रंकेत कुलपात ठेवली. श्रावण ते गणपती घरात मांस शिरत नाही, म्हणजे गोळीही शिरत नाही. सरांनी समजावलं, रागावले, हात जोडले. म्हातारी म्हणाली, देव आधी, डॉक्टर मागसून. विसर्जनापर्यंत आक्का पुन्हा शाल घेऊन बाकावर. पाय पुन्हा विचारात पडलेला.

सर व्यवहारी माणूस. असंही होणारच असेल तर निदान पोरांना शिकायला तरी मिळू दे, असं म्हणून त्यांनी गणपतीच्या मागोमाग होणाऱ्या परीक्षेत आक्काला "केस" म्हणून ठेवायचं ठरवलं. ती परीक्षा मुख्यतः नापासांची असे. आणि पुढच्याच वर्षी नापासांत मी होते.

कशी नापास झाले ते सांगायला हवं, कारण आक्काला तो किस्सा फार आवडायचा. परीक्षकांनी विचारलं, मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीचा रस एकदम रक्तात सुटला तर माणसाचं काय होतं? मला सगळं पाठ होतं. छाती धडधडते, हात कापतात, बुबुळं मोठी होतात, घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते. यातली प्रत्येक गोष्ट मला त्या क्षणी होत होती, आणि जीभ टाळूला चिकटून बसली होती. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोरड, बरोबर. पुढे?" पुढे काही आलं नाही. मग त्यांनी हातोडी दिली आणि मी ती त्यांच्याच अंगठ्यावर मारली.

घरी कुणी रागावलं नाही, हेच वाईट. मावशीनं मात्र जोगेश्वरीचं एक स्थळ आणलं आणि वडील दाराकडे बघत म्हणाले, एकदा आणखी बसून बघ, नाही झालं तर... पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मला ते ऐकू आलं.

आक्काला कळलं तेव्हा तिनं विचारलं, मारायला शिकायचं ना, मग माणसं हवीत. रविवारी ये. मी लालबागला गेले तर चाळीच्या गॅलरीत स्टुलं, डबे, पाट, काय मिळेल त्यावर बाया ओळीनं पाय लोंबते सोडून बसलेल्या. मी प्रत्येकीच्या गुडघ्याखाली टकटक करत गेले. सुरुवातीला हात थरथरत होता. सातव्या-आठव्या गुडघ्याला त्यांच्या गप्पांत मी कुणाला दिसेनाशी झाले आणि हात स्थिर झाला. म्हातारीचा पाय तेवढा हलेना. ती दात आवळून गुडघ्याकडे रोखून बघत होती. लक्ष तिथे असलं की मेंदू नकळत दाबून धरतो. मी सरांनी शिकवलेली युक्ती केली, तिला दुसऱ्या विषयावर बोलतं केलं. म्हटलं, आजी, सून कशी आहे? तिनं तोंड उघडलं आणि पाय असा उडाला की पुढची पितळी लोटी गॅलरीतून खाली गेली.

त्या उन्हाळ्यापासून आक्का मोर्च्यात जायला लागली होती. यजमान गिरणीत, गिरण्या बंद झाल्या की तेही जात. पण बायकांच्या रांगेत पुढे आक्का. आषाढ संपत आला तसं तिनं मला जिन्यात गाठलं आणि हळूच सांगितलं की यंदा श्रावणात गोळी थांबवायची नाही. लाठीहल्ल्यात गोगलगाईसारखं उभं राहून चालत नाही, मागच्यांची वाट अडते. देवाशी तिनं बोलून घेतलं होतं, अडचण म्हातारीची होती. बाटली कुलपात जाणार. तू आणून दे. मी नापास विद्यार्थिनी, सरांना न विचारता रोग्याला औषध देणं म्हणजे काय हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी गिरगावातल्या एका दुकानातून गोळ्या आणून दिल्या. तिनं त्या कुंकवाच्या करंड्यात लपवल्या. रोज एक, तिची नेहमीची मात्रा, लालसर झालेली.

श्रावणातल्याच एका दुपारी मी इस्पितळातून निघाले आणि रस्त्यावरच्या मोर्च्यात सापडले. घोषणा, धावपळ, मग अश्रुधूर सुटला. मी जिथे होते तिथेच खिळले. पळ म्हणून सगळं अंग सांगत होतं आणि पाय ऐकत नव्हते. कुणीतरी माझं मनगट धरलं आणि मी अक्षरशः ओढली गेले, एका बोळातून, एका चाळीचे तीन जिने चढून थेट गच्चीवर. मी कठड्याला धरून धापा टाकत होते. आक्का उभी होती, घामानं चिंब, डोळे मोठे, हात बारीक थरथरणारे, आणि म्हणत होती की चल, दुसऱ्या बाजूनं उतरून परत जाऊ. मला तेव्हा तिच्या शौर्याचं इतकं कौतुक वाटलं की डॉक्टर म्हणून जे दिसायला हवं होतं ते दिसलंच नाही. एवढं मनात आलं की ही फार बारीक झालीय. चळवळीत माणूस वाळतं, असं मी ठरवून टाकलं.

परीक्षेच्या दिवशी यादी लागली आणि माझ्या नावापुढे खाटेचा आकडा होता तो आक्काचा. मला आनंद व्हायला हवा होता. पण आत गेले आणि तो तिथेच विरला. सरांना वाटत होतं की श्रावण पाळून सुस्तावलेली आक्का आणून ठेवलीय. आक्काला सरांचं मन मोडवलं नव्हतं, आणि माझं तर मुळीच मोडायचं नव्हतं; ती गळ्यापर्यंत कांबळं ओढून, डोळे अर्धे मिटून, मागच्या वर्षीची स्वतःची नक्कल करत पडली होती. कपाळावरून घामाची धार लागलेली. पायथ्याशी स्टुलावर म्हातारी, सोबत म्हणून आलेली, इस्पितळाचं बिस्किट हातात घेऊन. दुसऱ्या बाजूला सर आणि धारवाडकडचे एक उंच परीक्षक, ज्यांना मराठी येत नव्हतं.

परीक्षक म्हणाले, टाचेची प्रतिक्रिया दाखवा. आक्का खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली. मी हातोडी मारली, आणि पाऊल स्प्रिंग सुटल्यासारखं मागे जाऊन जागेवर आलं, इतकं झटकन की सरांची भुवई उडाली. मग आक्काला आठवण झाली. तिनं पाऊल पुन्हा मागे नेलं आणि अत्यंत सावकाश, देवाला नैवेद्य दाखवावा तसं, जागेवर आणलं. आणि त्यानंही भागलं नसेल असं वाटून, न मारलेला दुसरा पायही तसाच सावकाश करून दाखवला.

मला हसू फुटलं. परीक्षेत, दोन परीक्षकांसमोर. आणि हसता हसता लक्षात आलं की माझ्या तोंडात ओल आहे, जीभ हलतेय. मी तिला खाटेवर बसवलं, मनगट धरलं. नाडी एकशेवीस. दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा थरथरत राहिला. गच्चीवरचे ते मोठे डोळे मला आत्ता दिसले, महिन्याभरानं.

मी सांगितलं की पहिली हालचाल मज्जारज्जूची, ती खरी. पुढच्या दोन मेंदूनं पाठवलेल्या, त्या माझ्यासाठी. भुवया सांगतात की या बाईंची ग्रंथी मुळात कमी काम करणारी. नाडी आणि हात सांगतात की आज अंगात तो रस जास्त झालाय. ही गोळी घेतेय, आणि गरजेच्या दुप्पट घेतेय. सर ताठ झाले. म्हणाले, अशक्य, ही आत्ता काहीच घेत नाही. त्यावर गप्प बसले असते तर कदाचित निभावलं असतं. पण नाडी एकशेवीस होती. मी म्हटलं, सर, घेतेय. एक गोळी मी आणून दिली होती, तुम्हाला न विचारता. दुसरी कुठून येते ते मला माहीत नाही.

सर मराठीत आले. "भागीरथीबाई, गोळ्या घेताय?"

आक्कानं आधी सासूकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "घेतंय, सर. एकच घेतंय. आये, माका माफ कर."

"एकीनं असं होत नाही," सर म्हणाले.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. म्हातारी उभी राहिली होती, बिस्किट पदरात बांधून. "दुसरी मी घालतंय," ती म्हणाली. "सकाळच्या चायत, कुटून. तिचो श्रावण मोडूक नको म्हणान तिका सांगूक नाय. पाप लागला तर माका लागांदे."

परीक्षकांनी विचारलं, काय म्हणतायत? सर अजून म्हातारीकडेच बघत होते, तेव्हा मी इंग्रजीत भाषांतर करून सांगितलं, सगळं, न अडखळता: सून सासूपासून लपवून देवाचा नेम मोडत होती, सासू सुनेपासून लपवून तेच पाप आपल्या अंगावर घेत होती, आणि दोघींच्या मधे ही बाई महिनाभर दोन गोळ्यांवर मोर्चे काढत होती. तो उंच माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मग त्यानं मला फक्त आणखी एक प्रश्न विचारला, उपचार काय? मी म्हटलं, सासूची गोळी बंद.

मी पास झाले. त्याआधी सरांनी मला खोलीत बोलावून जे सुनावलं ते मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांना शब्दशः सुनावत आले. दुप्पट रसानं एखादं अशक्त हृदय थांबलंही असतं. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा आम्हा तिघींनाही आपण किती थोडक्यात बचावलो ते कळलं नव्हतं. सरांनी म्हातारीकडून बाटलीची किल्ली मागितली, तिनं दिली नाही, पण श्रावणात रोज एक गोळी स्वतःच्या हातानं सुनेला देईन असं कबूल केलं. तशी ती मरेपर्यंत देत राहिली. घरात दोघींची भांडणं कमी झाली असं मात्र नाही. आक्का म्हणायची, आता दोघींच्याही अंगात बळ होतं.

पुढे महाराष्ट्र झाला, चाळीत पेढे वाटले, आणि मी तिला चिडवायला म्हटलं की आक्का, तुमचं ते धाडस निम्मं गोळीचं होतं हं. मी चेष्टेनं बोलले, पण प्रश्न खरा होता. आयुष्यभर रोग्यांसमोर बसून मला तोच पडत आला, की या रसांतून आणि तारांतून माणूस उरतो तो कुठे. आक्का तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "पाय गोळीन धावले आसतील. पन खय धावचा, ता माका म्हायत होता."

त्या परीक्षेपासून तिला एक खोड जडली. मी तिचं मनगट धरून सगळ्यांसमोर गुपित बाहेर काढलं, ते तिच्या मनात घर करून बसलं असावं. माझ्याकडून नाडी मोजायला शिकली, आणि मग जो भेटेल त्याचं मनगट धरायला लागली. घड्याळ नाही, ओठ हलवत मनातल्या मनात आकडे म्हणायची. भांडायला आलेल्या शेजारणीचा हात धरून सांगायची, शंभर झालेत, पाणी पी आणि मग भांड. मुलगी बघायला आलेल्या नवऱ्यामुलाची मोजली. मधूला पोस्टात नोकरी लागली त्या सकाळी त्याची मोजली. माझ्या लग्नात, अक्षतांच्या आधी, अंतरपाटाच्या बाजूनं हात घालून माझी मोजली आणि मामाला म्हणाली, जरा थांबा. चाळीत पुढे सगळ्यांनाच ती सवय लागली. नमस्कार राहिला बाजूला, आधी मनगट.

तेराव्यानंतर मी लालबागला गेले. आता गुडघे माझे बोलतात, जिना चढायला वेळ लागला. मधू दारातच उभा होता, साठी ओलांडलेला, डोकं भादरलेला. त्यानं माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आता हा रडणार, आणि मी शब्द शोधायला लागले... तेवढ्यात त्याची बोटं सरकली आणि मनगटाच्या आत, बरोबर जागेवर, येऊन थांबली. त्याचे ओठ हलत होते.

"अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला. "आधी बसा, डॉक्टरबाई."

मी बसले. मोजून झालं होतं, तरी त्यानं हात सोडला नाही.